शिआनच्या पुढे दोन तास

चीनची सहल काढणाऱ्या सर्व मराठी पर्यटन कंपन्यांचे चालक-मालक आणि टूर मॅनेजर यांस,

स. न. वि. वि.

भारत-चीन थेट विमानं पाच वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि रविवारच्या पुरवण्यांत तुमच्या जाहिराती परत झळकायला लागल्या. बीजिंग, शिआन, शांघाय. भिंत, मातीचे सैनिक, मॅग्लेव्ह रेल्वे. सोबत आपला आचारी, सकाळी पोहे, रात्री वरणभात. मी २०१९ साली तुमच्यापैकीच एकाबरोबर ही सहल केली आहे. नाव घेत नाही. पोहे उत्तम होते आणि टूर मॅनेजर पोरगा गुणी होता, आजीबाईंच्या बॅगा स्वतः उचलायचा.

फक्त एक हिशेब सांगतो. शिआनमध्ये आम्ही मातीच्या सैनिकांसमोर दीड तास होतो आणि रेशमी रजयांच्या दुकानात एक तास पन्नास मिनिटं. मी मोजलंय. तीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या संघाचा पडदा किती वाजता उघडला आणि किती वाजता पडला, याची नोंद माझ्याकडेच असायची. ती सवय जात नाही. बीजिंगमध्ये मोत्यांचं दुकान, आणखी कुठे जेडचं, कुठे चहाचं. आणि एका संध्याकाळी ‘चायनीज ऑपेरा’ म्हणून एका हॉलमध्ये नेलं. तिथे आम्ही जेवत होतो आणि समोर पाऊण तासात चार वेगवेगळ्या नाटकांचे तुकडे उरकले गेले. माझ्या शेजारचे काका तोंडी लावायला लोणचं शोधत होते. रंगवलेल्या चेहऱ्याचा एक नट आमच्याकडे बघत उभा होता. त्याला वाटत काय असेल, हे मला त्या रात्री झोपेपर्यंत सतावत राहिलं.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरी बँकेत झाली, पण जीव नेपथ्यात. अभिनय मला कधीच आला नाही. फळ्या ठोकणं, विंगा उभ्या करणं, दारातून नट नेमका कुठून कुठे जाणार हे खडूनं आखणं, हे माझं काम. त्यामुळे कुठेही गेलो की मी रंगमंच बघतो. पुढे भाच्याची नोकरी शिआनला लागली आणि मागच्या ऑक्टोबरात त्याच्याकडे पंधरा दिवस राहायला गेलो, तेव्हा त्याला म्हटलं, रजया नकोत, मला एखादा जुना रंगमंच दाखव. त्यानं दोन दिवस मोबाइलवर शोधाशोध केली आणि म्हणाला, “मामा, सातशे वर्षांपूर्वीचा चालेल का?”

तिथे जे बघितलं ते सांगावं आणि तुमच्याकडे एक मागणी करावी, म्हणून हे पत्र.

शिआन नॉर्थ स्टेशनवरून बुलेट ट्रेननं लिन्फन. दोन तासांच्या आत पोचलो. आधी एक घोळ निस्तरतो: शिआन ज्या प्रांतात आहे तो शाआन्शी आणि लिन्फन ज्या प्रांतात तो शान्शी. दोन्हींत फरक फक्त सुराचा, आपल्या कानाला एकच. मधून पीत नदी वाहते. तुमच्या बुकलेटमध्ये हे दोन्ही एकच छापले जाण्याची शक्यता दाट आहे, म्हणून सांगितलं. लिन्फन शहरापासून वायव्येला सुमारे पंचवीस किलोमीटरवर वेइत्सुन नावाचं गाव आहे आणि त्या गावात न्यूवांग म्याओ, म्हणजे बैलराजाचं देऊळ.

हो, बैलराजाचं. गाभाऱ्यात तीन देव: बैलांचा राजा, घोड्यांचा राजा आणि औषधांचा राजा. शेतकऱ्याला काय हवं असतं याची इतकी सरळ यादी मी कुठल्या देवळात बघितली नव्हती. जनावर धडधाकट राहो, आणि नाही राहिलं तर औषध लागू पडो. कथा अशी सांगतात की सोंग घराण्याचा एक सम्राट या बाजूनं पूजेला चालला होता, वाटेत त्याचे घोडे आजारी पडले, इथल्या गुरांच्या वैद्यानं ते बरे केले, तेव्हा सम्राटानं त्याला सरदारकी बहाल केली आणि पुढे त्याचं देऊळ झालं. आमच्या गावात बेंदराला बैलांची शिंगं रंगवून झाली की बैल आधी मारुतीला नेतात आणि मग घरी आणून पुरणपोळी देतात. तेव्हा वेइत्सुनच्या दारात मला परकं वाटायला जागाच नव्हती.

दाराला मात्र कुलूप होतं. बाहेर रस्त्यावर मका वाळत घातलेला. पिवळ्याधमक दाण्यांचा पट्टा इतका लांब, की गाड्या एका बाजूनं अंग चोरून जात होत्या. भाच्यानं मका पालथा करणाऱ्या बाईंना विचारलं, बाईंनी कुणाला तरी हाक मारली, आणि दहा मिनिटांनी एक आजोबा विजेच्या स्कूटरवर आले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिकीट नाही, पावती नाही. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भाच्याला काहीतरी विचारलं. भाचा म्हणाला, “विचारतायत, इतक्या लांबून हे बघायला आलात?” मी मान हलवली. आपली मान हलवणं त्यांना नकार वाटलं असावं, कारण ते एकदम थांबले. मग भाच्यानं सावरून घेतलं.

आता रंगमंच.

देऊळ दक्षिणाभिमुख. चीनमध्ये राजा आणि देव दक्षिणेकडे तोंड करून बसतात. आपल्याकडे तो मान मारुतीचा. गाभाऱ्यासमोर नैवेद्य मांडायचा मंडप, मग मोकळं अंगण, आणि अंगणाच्या दक्षिण टोकाला, थेट देवाच्या नजरेसमोर, उत्तरेकडे तोंड करून उभा असलेला रंगमंच. जवळजवळ चौरस, बाजू सुमारे साडेसात मीटरची. आमच्या तालुक्याच्या नाट्यगृहापेक्षा लहान, पण स्पर्धेच्या एकांकिकेला भरपूर. दगडी जोत्यावर उभा, वर कोपरे उचललेलं जड कौलारू छप्पर.

समोरचे दोन खांब दगडी. त्यांच्यावर फुलांच्या वेली कोरलेल्या, आणि त्या फुलांमधून लहान मुलं डोकावतायत, गुबगुबीत, उघडीवाघडी. कोरीव काम झिजलंय, एका मुलाचं नाक पार गेलंय. पण बोट फिरवलं की पाकळीची कड लागते. आजोबांनी एका खांबावरची अक्षरं दाखवली. भाच्यानं वाचली: शेजारच्या गावच्या कारभाऱ्याचं नाव आणि साल, महान युआन राज्याच्या चीयुआन कालगणनेचं विसावं वर्ष. म्हणजे १२८३. कुबलाई खान गादीवर होता. आपल्याकडे देवगिरीला रामदेवराय यादव राज्य करत होता आणि ज्ञानदेव आठ वर्षांचे होते.

मी हा हिशेब खांबाला हात लावून उभ्या उभ्या केला आणि जरा खाली बसलो. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला पहिला प्रयोग केला १८४३ मध्ये. पाच नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आपण त्यासाठी पाळतो. हा खांब त्याच्या ५६० वर्षं आधी उभा केलेला, आणि तोही नाटकासाठीच.

दुसऱ्या दगडी खांबावर दुसरं साल आहे, १३२१. दोन खांब, मधे अडतीस वर्षं. याचं कारण भूकंप. सप्टेंबर १३०३ मध्ये या खोऱ्यात प्रचंड भूकंप झाला. अभ्यासक त्याची तीव्रता आठच्या आसपास धरतात, आणि तो चीनच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण भूकंपांपैकी मानला जातो. गावंच्या गावं बसली. देऊळही पडलं. मग लोकांनी घरं बांधली, विहिरी उपसल्या, आणि अठरा वर्षांनी रंगमंचही पुन्हा उभा केला. जुन्यापैकी एक खांब वाचला होता, तोच वापरला. दुसरा नवा घडवला. मी नेपथ्यवाला माणूस. मागच्या नाटकातली चांगली फळी पुढच्या नाटकात लावायची, हे मला कुणी शिकवायला नको. त्या दोन खांबांकडे बघून मला त्या सुतार-पाथरवटांची ओळख पटली.

वर बघा म्हणून आजोबांनी खूण केली. छताला अष्टकोनी घुमटी आहे, एकावर एक पुढे सरकत जाणाऱ्या लाकडी तोड्यांची, मध्याकडे निमुळती होत गेलेली. चिनी भाषेत या प्रकाराला ‘विहीर’ असंच नाव आहे. लाकडी छपराला भीती आगीची, म्हणून डोक्यावर पाण्याची आठवण. सगळं खोबणी-खुंटीत बसवलेलं. मी खाली बूट काढले, जोत्याला हात लावून कपाळाला लावला, आणि मग वर चढलो. आजोबा बुटांकडे बघत राहिले. भाच्याला म्हटलं, सांग त्यांना, आमच्याकडे रंगमंचावर असंच चढतात. त्यांनी ऐकलं आणि माझे बूट उचलून सावलीत ठेवले.

मधोमध उभा राहून एकदाच टाळी वाजवली. आवाज वर गेला, घुमटीत गोळा झाला आणि परत खाली आला, किंचित जाड होऊन. माइक नव्हते तेव्हाची ही सोय, असं तिथे मानतात. मग धीर करून “पुंडलिक वरदे” म्हटलं. पुढचं भाच्यानं पूर्ण केलं. बैलराजाला काय वाटलं माहीत नाही.

आता जरा तांत्रिक, पण तुमच्यातल्या ज्या कुणी कॉलेजात एकांकिका केल्या असतील त्यांना रस वाटेल. रंगमंचाच्या दोन बाजूंना भिंती आहेत, पण फक्त मागच्या तिसऱ्या हिश्श्यात. पुढचा दोन तृतीयांश भाग तिन्ही बाजूंनी उघडा. जिथे भिंत संपते तिथे आडवा पडदा टांगत, त्याच्या मागे नटांची तयारी, पुढे खेळ. म्हणजे लोक तीन बाजूंनी बघत असत. त्याही आधीचा, ११८३ सालचा, चीनमधला सालासकट टिकलेला सर्वांत जुना रंगमंच याच प्रांतात काओफिंगजवळ वांगपाओ गावात आहे, एका टेकाडावरच्या अर्लांग देवाच्या देवळात. पुढच्या शतकांत हे बदलत गेलं, बाजू बंद झाल्या, रंगमंच समोरून बघायची पेटी झाला. आपण ज्याला ‘कमानी रंगमंच’ म्हणतो त्या वळणानं तेही गेले, आपापल्या कारणांनी. वेइत्सुनला उभं राहिलं की तो बदल अर्ध्या वाटेवर थांबलेला दिसतो.

पडद्यामागून नट ज्या दारातून येतो-जातो त्याला जुन्या चिनी रंगभूमीवर ‘भुतांचा दरवाजा’ म्हणत. कारण त्यातून येणारा प्रत्येक जण कधीच मेलेला असतो: राजा, सेनापती, कुणाची तरी बायको. मी तीस वर्षं विंगेत उभा राहिलो आणि मला हा शब्द मिळाला निवृत्तीनंतर.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. खेळ देवासाठी असतो. पाऊस पडला, पीक आलं, गुरांची साथ गेली, की गावानं बोललेला नवस फेडायचा, आणि तो फेडायचा नाटकानं. रंगमंच देवाच्या समोर बांधण्याचं कारण हेच. देव आपल्या जागेवरून थेट बघतो. माणसं मधल्या अंगणात उभी राहतात, देवाकडे पाठ करून. आपल्याला लहानपणापासून देवाकडे पाठ करू नये असं शिकवलेलं, त्यामुळे मला ते आधी खटकलं. मग लक्षात आलं की गाभारा जोत्यावर उंच आहे, देवाला सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसतं. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे जत्रेत पाऊस आला आणि माणसं पांगली तरी खेळ थांबत नाही; ज्याच्यासाठी खेळ आहे तो छपराखालीच बसलाय. आमच्या जत्रेत दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या फडाची हजेरी असायची. आधी देवापुढे, मग गावापुढे. हे चाळीस माणसांच्या बसमधल्या प्रत्येक सातारकराला, सोलापूरकराला, मालवणात दशावतार बघितलेल्या प्रत्येकाला एका वाक्यात कळेल. युरोपातून आलेल्या पर्यटकाला हेच समजवायला त्यांच्या गाइडला अर्धा तास लागत असेल. तुमच्याकडे जगातला सर्वांत तयार प्रेक्षक आहे आणि तुम्ही त्याला रजया दाखवताय.

जत्रा चौथ्या चांद्रमहिन्याच्या दहाव्या तिथीला भरते. त्या भागात आज चालतं ते पूच्यू नावाचं स्थानिक संगीत नाटक: लाकडी टिपऱ्यांचा ठेका आणि टिपेचा, गळा फाडून लावलेला आवाज. आजोबांनी अंगणात उभ्या उभ्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. सत्तरीचा माणूस, पण सूर असा लागला की भिंतीवरची चिमणी उडाली. आमच्याकडचा जुना शाहीर आठवला, माइक फेकून देणारा.

दुसऱ्या दिवशी होंगतोंगला गेलो. हा तालुका चिनी लोकांत प्रसिद्ध आहे तो एका जुन्या झाडासाठी. मिंग घराण्याच्या काळात, चौदाव्या-पंधराव्या शतकांत, इथून लाखो लोक दुसऱ्या प्रांतांत वसवले गेले, त्यामुळे आजही उत्तर चीनमधली कितीतरी घराणी आपलं मूळ त्या झाडाखाली सांगतात. तिथे तोबा गर्दी. आम्ही ती टाळून ग्वांगशंग मठाकडे गेलो. मठाला लागूनच जलदेवतेचं देऊळ आहे, जिवंत झऱ्याच्या काठी. या झऱ्याच्या पाण्यावरून दोन तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आणि शेवटी लोखंडी खांब रोवून पाण्याचे दहा भाग केले, सात एकाला, तीन दुसऱ्याला. हे ऐकल्यावर माझ्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून भाचा म्हणाला, “मामा, कृष्णा-कोयना इथे काढू नका.”

देवळात अंधार. डोळे सरावायला वेळ लागतो, आणि इथेच तुमचा बारा मिनिटांचा फोटोस्टॉप मार खाणार. भिंतींवर १३२४ सालची चित्रं आहेत. पाऊस मागायला आलेले लोक, पटावर खेळणारे, मासे विकणारा. आणि एका भिंतीवर नाटकमंडळी. खेळ चालू नाही. सगळे पडदा वर गेल्यावर प्रेक्षकांना दर्शन देतात तसे ओळीनं उभे आहेत. समोर पाच जण, मागे वादक आणि साथीदार. ढोल आहे, बासरी आहे. मधोमध लाल झगा घातलेला सरकारी अधिकारी, हातात पट्टी धरून. तो अधिकारी म्हणजे बाई आहे. वरच्या कापडी फलकावर नावच लिहिलंय: चोंग-तू-श्यू यांचा इथे प्रयोग, याओच्या नगरीचे लाडके कलाकार. याओची नगरी म्हणजे लिन्फन.

म्हणजे हे नाटकाचं पोस्टर आहे, सातशे वर्षांपूर्वीचं, गाभाऱ्याच्या आत रंगवलेलं! आपल्याकडे बालगंधर्वांनी नऊवारी नेसून महाराष्ट्राला वेड लावलं. त्याच्या सहाशे वर्षं आधी इथे एक बाई दाढीवाल्या पुरुषांच्या मध्ये उभी राहून पुरुषाचं काम करते, मंडळीला नावही तिचंच आहे, आणि गावाला त्यात देवाच्या भिंतीवर न लावण्यासारखं काही वाटत नाही.

मी मात्र बराच वेळ डाव्या कोपऱ्यात बघत होतो. मागे टांगलेल्या पडद्याची कड एकानं हातानं बाजूला केलीय आणि तो डोकावतोय. फक्त चेहरा आणि बोटं. घर किती भरलंय ते बघत असणार. तिथे मी तीस वर्षं उभा होतो. आत कुणी ओरडेल म्हणून घाबरत, एका डोळ्यानं बाहेर बघत, खुर्च्या मोजत. त्या चित्रकाराला हा माणूस काढायची काही गरज नव्हती. कुणी पैसेही जास्त दिले नसतील त्याच्यासाठी.

याच मठाच्या खालच्या भागातली प्रचंड मोठी भित्तिचित्रं १९२० च्या दशकाच्या अखेरीला विकली गेली. मठाची पडझड थांबवायला पैसे हवे होते. आज त्यातलं एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, एक कॅन्सस सिटीत. तुमच्या अमेरिका सहलीत मेट्रोपॉलिटनपर्यंत लोक जातातच, म्हणजे भिंत तिकडे बघून होते आणि तिची जागा इकडे बघायची राहते. जलदेवतेच्या देवळातली भिंत जागेवर राहिली, हे नशीब.

आता मागणी. तुमच्या अडचणी मला माहीत आहेत, बँकेत कर्ज विभागात होतो. विकलं जाईल तेच तुम्ही दाखवणार. पण वारं कुठे वाहतंय तेही बघा. २०२४ मध्ये वानरराजाच्या कथेवर एक व्हिडिओ गेम आला, त्यातल्या ३६ खऱ्या जुन्या स्थळांपैकी २७ शान्शीतली आहेत, आणि चीनची तरुण पोरं तेव्हापासून बॅगा भरून या प्रांताकडे धावतायत. राष्ट्रीय दर्जाची ५३१ संरक्षित स्थळं या एका प्रांतात आहेत, चीनमध्ये सर्वाधिक. वेइत्सुनचा रंगमंच १९९६ पासून त्या यादीत आहे. तुमच्या बुकलेटमध्ये एकही नाही.

चाळीस जणांची बस नेऊ नका. गावातला रस्ता अरुंद आहे, आणि ऑक्टोबरात तर त्यावर मका असतो. बारा ते पंधरा जण, दोन छोट्या गाड्या, एक रात्र लिन्फनमध्ये मुक्काम. शिआनहून सकाळी निघायचं, दुपारी वेइत्सुन, दुसऱ्या दिवशी जलदेवतेचं देऊळ, मग थायुआनमार्गे रेल्वेनंच बीजिंग. एक विमानप्रवास वाचतो. त्या पैशात चांगला दुभाष्या घ्या, आणि त्याला आधी नाटकाबद्दल वाचायला लावा. खाण्याचा प्रश्न येईल, मला माहीत आहे. शान्शीत पिठाचा गोळा हातात धरून सुरीनं उकळत्या पाण्यात नूडल्स सोलतात. टोमॅटो-अंड्याच्या रश्शात छान लागतात, आणि अंडं नको असेल तर नुसता टोमॅटो सांगता येतो. वर तिथला काळा व्हिनेगर. माझ्या बायकोनं एक बाटली आणली, ती आमटीत घालते. आचाऱ्याला त्या दिवशी सुट्टी द्या.

तिथे आमच्यासाठी वेगळा ‘शो’ मात्र कृपा करून ठरवू नका. पर्यटकांसाठी वीस मिनिटांचा नाच, नंतर गळ्यात गळे घालून फोटो, हे नको. रंगमंच रिकामा असेल तर रिकामा बघू. रिकाम्या रंगमंचाकडे बघायला निदान नाटकवाल्यांना तरी शिकवावं लागत नाही. आणि भरलेलाच बघायचा असेल तर जत्रेला न्या, गावच्या खेळाला, गावकऱ्यांच्या मागे उभं राहून. चीनचे महिनेही आपल्यासारखे अमावास्येनंतर सुरू होतात, त्यामुळे त्यांचा चौथ्या महिन्याचा दहावा दिवस बहुतेक वर्षी आपल्या वैशाख शुद्ध दशमीच्या आसपास पडतो. अधिकमासाच्या भानगडीत कधी ज्येष्ठात जातो, ते पंचांग बघून ठरवा. शाळांना सुट्टी असते, आंबे संपलेले नसतात, आणि तुमचा तो सीझनच आहे.

वेळापत्रकात दोन तास कुठून काढायचे, हा प्रश्न राहिला. एक तास पन्नास मिनिटं मी वर दाखवलीच आहेत. उरलेली दहा मिनिटं किल्लीवाले आजोबा स्कूटरवरून येईपर्यंतची, ती बाहेर मका बघत काढता येतात.

आपला,
एक जुना प्रवासी आणि नेपथ्यवाला